माझ्या सुनेने मला उपाशी ठेवलं नव्हतं

गेल्या वर्षी आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकात माझा ऑस्ट्रेलियाच्या प्रवासावर लेख आला होता. त्यात मेलबर्नजवळच्या वेरिबीतले फ्लॉवरचे मळे होते, कांगारू होता, समुद्र होता, आणि सूनबाई मला दोन महिने गवत खायला घालत होत्या असाही मजकूर होता. तो मजकूर तुम्हाला फार आवडला. कट्ट्यावर काहींनी तो तोंडपाठ म्हणून दाखवला.

मळे, कांगारू आणि समुद्र खरे होते. गवताचं खोटं होतं. म्हणून तोच प्रवास मी पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी तो देश पाहिलेला नाही त्यांना तो थोडाफार दिसेल. आणि माझ्या लेखावरून ज्यांनी माझ्या सुनेबद्दल, केतकीबद्दल, काही मत करून घेतलं असेल, त्यांनी ते बदलावं एवढी विनंती आहे.

उतरलो तेव्हा

संक्रांत झाल्यावर निघालो. पुण्यात स्वेटर घालून टॅक्सीत बसलो आणि मेलबर्नला उन्हाळ्यात उतरलो. विमानतळावर एका उंच, हसऱ्या अधिकाऱ्याने माझी बॅग उघडली. चकल्या, कडबोळी बघून ठेवून दिली आणि पेढ्यांचा डबा मात्र बाजूला काढला. दुधाचं चालत नाही म्हणे. "सॉरी मेट," असं म्हणून त्याने पेढे माझ्या डोळ्यांदेखत पिंपात टाकले. खायची वस्तू कोणी इतक्या सहजपणे टाकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर कठड्याला टेकून एक सडपातळ माणूस हात हलवत होता. तो कोणाला हात करतोय हे बघायला मी मागे वळलो.

"बाबा! अहो इकडे, इकडे!"

तो माझा मुलगा मंदार होता. तीन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा चांगला भरलेला होता. आता गालाची हाडं दिसत होती.

"आजारी आहेस का रे? खरं सांग."

"होतो, बाबा. आता नाही. चला, गाडीत सांगतो."

गाडीत त्याने सांगितलं ते असं. मागच्या वर्षी तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली. अजून मधुमेह म्हणता येणार नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी घरची हकीकत विचारली. आईला याच वयात सुरू झालं होतं आणि ती साठी उलटल्या उलटल्या गेली, हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं म्हणे. मग केतकीने घरातलं जेवणच बदललं. सहा महिन्यांत साखर खाली आली. पुढची तपासणी मार्चमध्ये होती, म्हणजे मी तिथे असतानाच. ती नीट आली तर गोळ्या लागणार नव्हत्या.

"तेवढी एक टेस्ट नीट निघाली ना, की सुटलो," मंदार म्हणाला.

मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन्ही बाजूंना सपाट, पिवळ्या गवताचं माळरान. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात दिसतं तसंच, फक्त मधूनच अगदी नवीन, एकसारख्या घरांच्या रांगा. रस्त्यावर माणूस नाही. एवढी घरं आणि गॅलरीत एकही जण उभा नाही, हे बघून मला चुकल्यासारखं झालं.

उजेडातलं रात्रीचं जेवण

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता केतकीने हाक मारली, "बाबा, चला जेवायला."

बाहेर टळटळीत ऊन होतं. तिथे त्या दिवसांत साडेआठपर्यंत उजेड असतो. मला वाटलं, खायला काही केलं असेल. जाऊन बघतो तर पानं मांडलेली. मुगाची उसळ, पालकाची भाजी, काकडी-टोमॅटोची मोठा वाडगाभर कोशिंबीर, दही, ज्वारीच्या भाकरी आणि एका छोट्या भांड्यात भात. पापड नाही, गोड नाही. शेवटी पीच कापून ठेवलेले.

आणि वाढायला कोणी नव्हतं. केतकी आमच्याबरोबरच बसली. भांडी मध्ये, ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. नात इरा, तेव्हा दहा वर्षांची, तिने स्वतःच उसळ घेतली.

आमच्या घराण्यात माझी ओळखच वाढपी म्हणून आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लग्नकार्यात बुंदीचं पातेलं माझ्या हातात देतात, कारण माझ्यासमोर कोणाचं 'पुरे' चालत नाही. अशा माणसाला जेवणाच्या टेबलावर काही कामच उरलं नाही.

माझी भाकरी संपली. केतकी म्हणाली, "बाबा, भात घेणार?"

"नको."

"नक्की?"

"नको गं."

तिने भातावर झाकण ठेवलं.

मी थक्क झालो. अहो, पहिलं नको हे नको नसतं! दुसरंही नसतं. तिसऱ्यांदा विचारायचं, मग आपण हात आडवा धरायचा, मग तिने त्या हातावरून वाढायचं. मी तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो आणि ती उठून पाणी आणायला गेली. त्या रात्री मी अर्धपोटी झोपलो. 'सुनेने उपाशी ठेवलं' या गोष्टीचा उगम इथे आहे. भात होता. तिने दोनदा विचारलं होतं. मी दोनदा नाही म्हटलं होतं.

पुढच्या दिवसापासून मी हवं ते मागून घेत होतो, आणि दोन महिन्यांत एकदाही मला कमी पडलं नाही. हे मात्र मी कुठे लिहिलं नव्हतं.

कुंपणापलीकडे

शेजारच्या घरात कूला नावाची ग्रीक बाई एकटी राहते. नव्वदीला आलेली. तरुणपणी जहाजाने इकडे आली, पुष्कळ वर्षं भाजीच्या मळ्यांत राबली. इरा तिला 'याया' म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

एका सकाळी मी मागच्या अंगणात फेऱ्या मारत होतो. कुंपणाची एक फळी निघालेली होती, त्यातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. हातात पाल्याची जुडी.

"टेक! टेक! फॉर केटकी."

जुडी घेतली आणि बघतच राहिलो. तो माठ होता. आपला लाल देठाचा माठ! फटीतून पलीकडे डोकावलो तर तिच्या विटांच्या वाटेवर घोळ पसरलेली. जाड पानांची, जमिनीलगतची, आपली घोळ. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि इथे एक परकी बाई माझ्या आईची भाजी लावून बसली होती.

घोळ माझी आई हरभऱ्याच्या डाळीत करायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं माझी बायको शैलाही करायची. बँकेत बढती मिळाली तेव्हा मी एकदा म्हणालो, "ही मजुरांची भाजी आता नको आणत जाऊस." पुन्हा ती आमच्या घरात आली नाही.

कूलाने मला दुपारी जेवायला बोलावलं. तिचं मुख्य जेवण दुपारचं. टोमॅटोत शिजवलेला मोठा पांढरा पावटा, उकडून वर लिंबू आणि तेल घातलेला माठ, पावाचा तुकडा, खारवलेलं चीज, आलुबुखार. तिने माझं ताट गच्च भरलं. मी नको म्हणालो तर कानातल्या मशीनवर बोट आपटून म्हणाली, "यू से नो, आय नो हिअर!"

मला एकदम माझं माणूस भेटल्यासारखं झालं. अखेर कोणीतरी आग्रह करणारं! पण तिचा आग्रह सगळा पाल्याचा आणि पावट्याचा. चीजकडे माझा हात दुसऱ्यांदा गेला तेव्हा तिने बशीच ओढून घेतली.

"यू, बिग टमी. फिनिश द ग्रीन."

माझ्या पोटाबद्दल असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, हे खाऊनच तुम्ही एवढं जगलात का?

ती खांदे उडवून म्हणाली, "माय सिस्टर, सेम फूड. लाँग टाइम डेड."

"मग?"

"बट आय बेंड. आय वॉक. आय गो टॉयलेट एव्हरी मॉर्निंग. इज नाइस, नो?"

नाइस तर खरंच. माझ्या उशाशी इसबगोलाचा डबा असतो.

मग तिने शैलाबद्दल विचारलं. बायको गेली म्हटल्यावर तिने छातीवर क्रूस काढला. "शी गुड कुक? व्हॉट शी लाइक टू ईट?"

"स्वीट्स," मी म्हणालो. "टू मच स्वीट्स. शी हॅड डायबेटिस, बट नॉट लिसन."

हे वाक्य मी शैला गेल्यापासून सगळ्यांना सांगत आलो होतो. तुम्हालाही सांगितलं आहे.

चालायला म्हणून

मंदार आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करतो. दुपारी चार-साडेचारला त्याचं काम उरकायचं. त्या वेळेला तिथे 'आर्वो' म्हणतात. केतकी एका शाळेत गणित शिकवते, ती पाचनंतर यायची. मधल्या वेळात मी म्हणायचो, "चल रे, पाय मोकळे करून येऊ."

स्टेशनच्या अलीकडे एक मिठाईचं दुकान होतं. आपल्याकडच्यासारखंच. काचेच्या कपाटात बर्फी, दाराशी कढई. पहिल्यांदा तिथे थांबलो तेव्हा मंदार म्हणाला, "बाबा, नको. मार्चमध्ये टेस्ट आहे ना."

"एका जिलबीने काय होतंय? बाप एवढ्या लांबून आलाय, त्याच्याबरोबर खायची नाही?"

त्याने खाल्ली. दुसरी मी त्याच्या बशीत घातली. मग कचोरी. परत येताना, "केतकीला नको सांगूस, उगाच बोलेल," हेही मीच म्हणालो. तो असं कधी म्हणाला नाही.

मी स्वतः फारसं खात नसे. एक तुकडा तोंडात टाकायचो आणि त्याला वाढायचो. वाढण्यातच माझा सगळा आनंद. टेबलावर जे काम गेलं होतं ते मला त्या दुकानात परत मिळालं. मंदार प्रत्येक वेळी नको म्हणायचा आणि प्रत्येक वेळी खायचा. मला वाटायचं, मुलगा किती खूष आहे.

एकदा असाच गरम वाऱ्याचा दिवस होता. उत्तरेकडून भट्टीतून यावा तसा वारा, अंगाची काहिली. आम्ही दुकानात थंड लस्सी पीत बसलो आणि बाहेर पडलो तर वारा फिरलेला. समुद्राकडून असा गारठा आला की मी कुडकुडायला लागलो. घामेजलेला शर्ट अजून वाळला नव्हता. मंदारने स्वतःचं जॅकेट माझ्या अंगावर घातलं. "मेलबर्न आहे बाबा, इथे हवेचा भरवसा नसतो." घरी केतकीने आल्याचा काढा करून दिला आणि एवढं लांब चालत जाऊ नका म्हणून मंदारवर रागावली. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता काढा प्यायलो.

वेरिबी साऊथ

एका रविवारी सगळे समुद्राकडे गेलो. गाव संपल्यावर मळे सुरू होतात. काळ्या मातीत फ्लॉवर, ब्रोकोली, सॅलडची पानं, सरळ रेषेत थेट खाडीच्या पाण्यापर्यंत. वर आभाळ इतकं मोठं की डोळे कुठे टेकवायचे कळेना. एका फाटकाशी लाकडी फळीवर भाज्या मांडलेल्या होत्या आणि विकायला कोणीही नव्हतं. पैसे पेटीत टाका आणि घेऊन जा! मी तिथे उभा राहून इकडेतिकडे बघत होतो, कोणीतरी लपून लक्ष ठेवत असेल म्हणून.

"आजोबा, नोबडीज वॉचिंग," इरा म्हणाली. "दे जस्ट ट्रस्ट यू."

केतकीने दोन फ्लॉवर, बीट आणि मोहरीच्या पानांची जुडी घेतली. बीटाची पानंही टाकली नाहीत, रात्री त्यांची भाजी केली. ती चांगली झाली होती. मी तिला तसं म्हणालो नाही.

हिरवा डबा

फेब्रुवारीच्या शेवटी इराचा अकरावा वाढदिवस होता. मी केतकीला म्हणालो, आज स्वयंपाकघर माझं. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड. जेवायला आम्ही चौघं, कूला आणि इराच्या दोन मैत्रिणी. मी वीस माणसांचा अंदाज धरून केलं, कारण मला कमी करताच येत नाही. कूलाने दोन घास खाल्ले आणि वाटीभर श्रीखंड मांजरासाठी घरी नेलं.

दुपारभर ते सगळं टेबलावर होतं. संध्याकाळी केतकीने दोन डबे भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि उरलेला भात हिरव्या झाकणाच्या डब्यात लोटायला लागली. तिथे ओल्या कचऱ्याला हिरवं झाकण असतं.

"केतकी! अन्न आहे ते!"

"बाबा, दुपारभर बाहेर होता हो, एवढी उष्णता आहे. आणि फ्रिज फुल आहे."

"शैलाने कधी एक शीत टाकलं नाही आमच्या घरात. असले संस्कार नव्हते तिचे."

मंदार टेबल पुसत होता. त्याने फडका खाली ठेवला.

"बरोबर आहे. आईने टाकलं नाही. तिने खाल्लं."

"म्हणजे काय?"

"बाबा, आपल्याकडे हा डबा नव्हता. आई होती."

इराच्या मैत्रिणी गेल्या होत्या. इरा दारात उभी होती. केतकी म्हणाली, "मंदार, आज नको." पण तो थांबला नाही. आवाज चढवला नाही, एवढंच.

"तुम्ही चार माणसांत दहा माणसांचं श्रीखंड आणायचात. आग्रह करकरून वाढायचात. आमच्या ताटात उरायचं. सगळे उठले की आई बसायची, पातेल्यातलं आणि आमच्या ताटातलं सगळं एकत्र घेऊन. शुगर निघाली त्यानंतरसुद्धा. मी तिला ओरडायचो. ती म्हणायची, तुझ्या बाबांना टाकलेलं चालत नाही."

"तिला गोड आवडायचं," मी म्हणालो.

"आईला? गोड?" तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी कोणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलतो आहे. "बाबा, आईला कारलं आवडायचं. तुम्ही बँकेत गेलात की स्वतःपुरत्या काचऱ्या करायची. मला द्यायची त्यातल्या, शाळेतून आलो की. तुम्हाला वासही चालत नव्हता ना."

मी खुर्चीत बसलो. ज्या बाईबरोबर उभा संसार केला ती काय खाते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती जेवायला बसायची तेव्हा मी आतल्या खोलीत आडवा झालेलो असायचो. डॉक्टरांनी तिला पथ्याचा कागद दिला तेव्हा मी तो फ्रिजवर लावला आणि मोकळा झालो. श्रीखंड आणायचं थांबवलं नाही. ती गेल्यावर मात्र सगळ्यांना सांगत सुटलो, गोडाचा सोस होता, ऐकायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी मंदारला चालायला नेणं बंद केलं. का, ते त्याने विचारलं नाही.

रिपोर्ट

पण रक्ताची ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगते. मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंचा फोन आला. साखर पुन्हा वर गेली होती, आता गोळी सुरू करावी लागेल.

केतकी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "काय चुकलं माझं? उसळी केल्या, पालेभाज्या केल्या, जेवणाची वेळ सांभाळली. काय राहिलं?"

मी समोर बसून सफरचंद कापत होतो. मंदारने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"स्ट्रेस असेल गं. प्रोजेक्टचं चाललंय ना. गोळी घेईन, नो वरीज."

त्याने मला पाठीशी घातलं. मी एक शब्द बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. मी सफरचंदाच्या फोडी बशीत मांडल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

परत आल्यावर

पुण्यात आल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनदा रक्तदाब मोजला, वजन पाहिलं आणि माझी गोळी अर्धी केली. वर्षानुवर्षं वाढत आलेली गोळी पहिल्यांदा कमी झाली. "काय खात होता तिकडे?" त्यांनी विचारलं.

"गवत," मी म्हणालो.

"मग तेच चालू ठेवा."

ते हसले. मला हसू आलं नाही. ज्या जेवणाने माझी गोळी अर्धी झाली, त्याच घरात, त्याच दिवसांत मी माझ्या मुलाला गोळी लावून आलो होतो.

कट्ट्यावर आलो तर तुम्ही म्हणालात, "बारीक झालात! सुनेने उपाशी ठेवलं वाटतं?" आणि मी हो म्हणालो. इतकं सोपं होतं ते. सगळे हसले, चहा आला. मग संपादकांनी लेख मागितला आणि मी ते सगळं रंगवून लिहिलं. तिला वाईट केलं की मला दुकानातल्या जिलब्यांचा विचार करावा लागत नव्हता.

कोणीतरी त्या पानाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर केतकी येईनाशी झाली. मंदार म्हणायचा, ती बाहेर गेलीय, ती आंघोळीला गेलीय. मग एकदा इरानेच विचारलं. मराठीत सुरुवात केली आणि मध्येच इंग्रजीवर गेली.

"आजोबा, तुम्ही लिहिलं की ममा तुम्हाला जेवायला देत नाही? बट शी डिड. आय वॉज देअर."

मी तिला शाळेचं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.

हा लेख लिहून झाल्यावर संपादकांना देण्याआधी मी केतकीला फोन केला. व्हिडिओ नाही, साधा. म्हणालो, काही वाचून दाखवायचं आहे, मध्ये बोलू नकोस. इथपर्यंतचं सगळं वाचलं. दुकानाचं वाचताना दोनदा थांबलो. शेवटी कागद खाली ठेवला. मला वाटलं फोन कट झाला.

"केतकी?"

"आहे."

"दुकानाचं मंदारने सांगितलं होतं तुला?"

"नाही. पण मला माहीत होतं, बाबा."

"कसं?"

"त्याच्या शर्टाच्या बाहीला पाक लागलेला असायचा. धुणं मीच लावते. पहिल्याच आठवड्यात कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते?" तिचा आवाज जरा चढला. "तीन वर्षांनी आला होतात. तुमच्याबरोबर बाहेर पडताना तो शीळ घालत जायचा, माहितेय तुम्हाला? लग्न झाल्यापासून मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे दोन महिने. मग रिपोर्ट आला. त्या दिवशी मी तुमच्यासाठी नाही रडले, बाबा. माझ्यासाठी रडले. मला माहीत असून मी गप्प बसले."

मी समजत होतो की मी तिच्यापासून काहीतरी लपवलं. तिने ते पाहिलं होतं, धुतलं होतं, घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

"माफ कर, हे खूप उशिरा म्हणतोय," असं काहीतरी मी म्हणालो.

"हं." मग ती म्हणाली, "छापा तुम्ही. पण मी गप्प बसले तेही लिहा. नाहीतर परत अर्धंच होईल."

म्हणून लिहिलं आहे.

"मंदार कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे. गोळी घेतोय, चालतोय. पुढच्या टेस्टला बघू." मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात, "आणि तुम्ही? स्वतःचं करून खाताय ना?"

"खातो ना."

"काय खाता?"

मी उत्तर जुळवायला लागलो. तिने मला जुळवू दिलं नाही.

"रविवारी मी येईन कॉलवर. तुमच्याकडे दुपारच्या जेवणाची वेळ असते तेव्हा. फोन नीट उभा ठेवा, बाबा. मला तुमचा चेहरा नाही दिसला तरी चालेल, ताट दिसू दे."